पडेगावचं नसलेलं कुत्रं

सलीममामूंच्या गॅरेजच्या आवारात दोन-तीन धडधाकट माणसं हात पुढं धरून, तोंडानं इंजिनाचा आवाज काढत, हळूहळू एकमेकांच्या अंगावर चालताना दिसली की समजायचं, सर्वेअर साहेब आलेत.

गाडी ठोकली आणि विम्याचा क्लेम टाकला की कंपनी आपला माणूस पाठवते. तो नुकसान बघतो, फोटो काढतो, रिपोर्ट लिहितो. त्या रिपोर्टावर क्लेम तरतो नाहीतर बुडतो. बाकीचे सर्वेअर मोटारसायकल बंदसुद्धा न करता बघून जायचे. हे आले की दोन तास ठरलेले. ते अपघात पुन्हा करायला लावायचे. "तू तुझी गाडी हो," म्हणायचे. समोरची गाडी पळून गेलेली असली तर गॅरेजमधला कुणीतरी समोरची गाडी व्हायचा. एकदा उस्मानपुऱ्यातले एक बडे कंत्राटदार, पांढरे कपडे, बोटात तीन अंगठ्या, हात स्टिअरिंगसारखे धरून मोडक्या मडगार्डांच्या मधून चालले होते आणि साहेब मागून ओरडत होते, "इंडिकेटर कुठं दिला? उजवा डोळा मिचकाव ना बाप्पा!"

बघणाऱ्याला हसू यायचं. पण ज्याची पाळी असायची त्याला घाम फुटायचा.

दिसायला साहेब म्हणावं असं त्यांच्यात काही नव्हतं. काटकुळी अंगकाठी, अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, गळ्यात शिंप्याची टेप. ती टेप ते बाजारातही गळ्यात घालूनच फिरत. बायका त्यांना थांबवून ब्लाउज शिवता का म्हणून विचारतात, असं सलीममामू शपथेवर सांगायचे. खिशात खडू, भिंग आणि होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्या. ठोकलेल्या जागेवरचा रंग ब्लेडनं खरवडून ते त्या इवल्या बाटलीत भरत, बूच लावत आणि कानाशी हलवून बघत. कानाशी का, ते कुणालाच कळलं नाही. गॅरेजमधला चहा ते कधी पीत नसत. "सर्वेअर साब आ रैं, चाय मत बोलो उनकू," मामू कामगारांना आधीच सांगून ठेवायचे. "पिछली बार चाय गाडी के रेडिएटर में डाल दिये थे. बोले, इसकू ज्यादा जरूरत है."

त्यांची दुसरी खोड म्हणजे उलटं ऐकणं. "शेवटून सांग. गाडी थांबली तिथून सुरू कर आन् घरातून निघाला तिथवर मागं जा." खरं घडलेलं माणसाला कुठूनही सांगता येतं, खोटं मात्र त्यानं एकाच बाजूनं पाठ केलेलं असतं, असा त्यांचा हिशेब. मोठमोठी माणसं तिसऱ्या वाक्याला गळपटायची.

एका डॉक्टरांच्या उभ्या गाडीला कुणीतरी ठोकून पळालं होतं. तसा क्लेम होता. साहेबांनी बंपरवरचा रंग खरवडला, भिंगातून पाहिला, आपल्या लुनाला किक मारून डॉक्टरांच्या घरी गेले आणि अर्ध्या तासात परत आले. "डॉक्टरसाहेब, ठोकून पळालेला सापडला. तुमच्याच घरी हाय. दोन झडपा, लाल ऑक्साइड, खाली गंजलाय. पळालाय मात्र नाय, बिजागरीला लटकलाय." डॉक्टरांचा चेहरा पडला. तर साहेब उलट चिडले. "आपल्याच फाटकाला धडकलो असं लिहिलं असतं तरी तुम्हाला क्लेम मिळत होता! फुल विमा हाय तुमचा. तुमची चूक असली तरी कंपनी देते. मग खोटं कामून बोलले? फुकटचं खोटं!"

हे 'फुकटचं खोटं' त्यांना फार लागायचं. लोक पैशासाठी खोटं बोलतात ते त्यांना समजत होतं. जिथं खऱ्यानं काम होतंय तिथं भीतीनं खोटं लिहून आपलंच काम बिघडवतात, ते त्यांना सोसत नसे. आणि ते खोटं बहुतेक वेळा एकच असायचं, कुत्रं. कुत्रं आडवं आलं, कुत्र्याला वाचवताना गाडी झाडावर गेली. एजंट लोकांनी तो मजकूर बसवूनच ठेवला होता. कुत्र्याला फिर्याद लागत नाही, पंचनामा लागत नाही, कुत्रं साक्षीला येत नाही. साहेब म्हणायचे, "ह्या शहरातल्या कुत्र्यांनी जेवढ्या गाड्या मोडल्या तेवढ्या ड्रायव्हरांनी नाय मोडल्या."

मीही त्यांना असंच एक कुत्रं दिलं होतं.

तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं. मी जत तालुक्यातला, मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातला. आमची शाळा कळपाबरोबर चालायची. सातवीनंतर कळप पुढं गेला आणि शाळा मागं राहिली. एका नातलगाच्या ओळखीनं वाळूजला भाऊंच्या टेम्पोवर ड्रायव्हर लागलो. भाऊ म्हणजे मालक. गावाकडं मोठी शेती, शहरात चार टेम्पो, आवाज असा की हाक मारली तरी ओरडल्यासारखं वाटायचं. त्यांच्या गोदामामागच्या खोलीत मी राहायचो. नोकरी गेली तर खोली जाणार आणि खोली गेली तर ह्या गावात माझं कुणी नाही, हे मी रोज झोपताना एकदा मनात म्हणून घ्यायचो. भाऊंचा एकच कायदा होता: माल भरलेला टेम्पो सोडून कुठं जायचं नाही.

त्या सकाळी मी दौलताबादकडून खताच्या गोण्या घेऊन येत होतो. सात वाजले असतील. पडेगावच्या अलीकडं रस्त्यालगतच्या रानात मेंढरं बसलेली दिसली. नुसती मेंढरं दिसली असती तर मी गेलो असतो पुढं. पण एका म्हाताऱ्यानं कळपाला हाळी घातली आणि ती हाळी आमच्याकडची होती. अकरा महिन्यांत मी तो आवाज ऐकला नव्हता. टेम्पो रस्त्याच्या कडेला लावला आणि बांध उतरून खाली गेलो.

"कुनाचा रं तू लेकरा?" म्हातारा म्हणाला आणि मी तोंड फिरवून मेंढरांकडं बघितलं. त्यांनी बसवलं, भाकरी दिली. कुळांची नावं निघाली. अर्धा तास गेला असेल. मधेच रस्त्याकडनं काहीतरी वाजलं, कुत्री भुंकली, पण मी उठलो नाही. वर आलो तेव्हा टेम्पोचा उजवा हेडलाइट फुटलेला, बंपर वाकलेला, आणि रस्ता रिकामा.

भाऊंना काय सांगू? टेम्पो सोडून मेंढरांत गेलो होतो म्हणून?

विम्याचा एजंट गजूभाऊ. त्यानं माझं ऐकून घेतलं आणि हसला. "येडा का खुळा तू? उभ्या गाडीला ठोकून पळाला म्हणलं की पोलीस विचारणार, तू कुठं होता? मालक विचारणार, तू कुठं होता? त्यापेक्षा कुत्रं लिव्ह. कुत्र्याला कोन विचारतंय?" त्याचं अक्षर मोत्यासारखं. त्यानं फॉर्म भरला: मी टेम्पो चालवत असताना पडेगावजवळ अचानक कुत्रं आडवं आलं, त्यास वाचवण्याच्या प्रयत्नात टेम्पो लिंबाच्या झाडास धडकला. वेळ, सकाळी सात. खाली मी सही केली. भाऊंनाही हेच सांगितलं. भाऊ ओरडले, पण ते रोजच ओरडायचे.

तिसऱ्या दिवशी सर्वे होता. मी गॅरेजला पोचलो तर मामूंनी मला बाजूला ओढलं. "सुन रे. पुलिसवाला आया था. परसों सुबह पडेगाव में किसी ने दूधवाले की सायकल उड़ा दी. टांग गई, सर पे लगा, होश नहीं उसकू. कोई बोला, उधर पिवळा टेम्पो देखा. सब गॅरेज में पूछ रैं, उजवा लाइट फूटा हुआ पिवळा टेम्पो."

आमचा टेम्पो पिवळा होता. तो मामूंच्या पाठीमागंच उभा होता.

"तूने मारा क्या?" मामूंनी हळू आवाजात विचारलं.

"नाय मामू. आईशप्पथ."

"तो शाम तक तेरेकू बुलाएंगे. मैं झूठ नहीं बोल सकता मियां, गाड़ी मेरे पास खड़ी है."

तेवढ्यात फाटकातून लुना आत आली.

साहेबांनी मला बघितलं नाही. आधी टेम्पोपुढं जमिनीवर मांडी घालून बसले. भिंगानं बंपर पाहिला, टेपेनं उंची घेतली, खडूनं एक बाण काढला, बाटलीत रंग भरला, कानाशी हलवला. मग उठले. "ड्रायव्हर कोन?"

एक रिकामं पिंप आणून ठेवलं, ते लिंबाचं झाड. वेल्डिंग करणारा नाना कुत्रं झाला. मी टेम्पो. हात पुढं धरून चाललो, नाना आडवा आला, मी पिंपाला धडकलो. नानानं उगाच भुंकून दाखवलं, कुणी हसलं नाही.

"आता उलटं. पिंपापासून."

"झाडाला धडकलो," मी म्हणालो. "त्याच्या आधी... कुत्रं."

"कुत्रं कुठून आलं? डावीकडून का उजवीकडून?"

"डावीकडून."

"डावीकडून आलं, तर तू त्याला वाचवायला उजवीकडं गेला. रस्त्याच्या मधोमध. आता मधोमध लिंबाचं झाड कुठाय, बाप्पा?"

नाना हळूच बाजूला झाला.

साहेबांनी सगळ्यांना कामाला लावलं आणि मला टेम्पोच्या तोंडापुढं बसवलं. खडूच्या बाणावर बोट ठेवलं. "बघ. बंपर आत दबला का? नाय. बाहेर ओढलाय. ओरखडा मागून सुरू झालाय आन् पुढं गेलाय. झाडाला धडकली असती तर उलटं झालं असतं. तुला कुणीतरी मागून येऊन घासून गेलंय. मोठी गाडी, हिरवी. आन् तू लिहितो कुत्रं." मग त्यांनी फॉर्म काढला. "पोलीस कुणाला शोधतायत ते मामूनं सकाळीच फोनवर सांगितलंय मला. आता तुझं लेखी वाच. पडेगाव. सकाळी सात. मी टेम्पो चालवत असताना. म्हंजे तिथं तू होता, तेव्हा तू होता, गाडी चालत होती, काहीतरी आडवं आलं आन् तू त्याची धडक टाळत होता. खाली तुझी सही. पोलिसांनी तपास करायचा कशाला? तूच करून दिलाय."

मला त्या क्षणी खरंच कळलं. तोवर मी फक्त भाऊंना घाबरत होतो. गजूभाऊनं मला भाऊंपासून वाचवायला स्टिअरिंगवर बसवलं होतं आणि मी सही करून तिथं बसलो होतो.

मी सगळं सांगितलं. मेंढरं, हाळी, भाकरी. शेवटून सांगतोय का सुरुवातीपासून, तेही मला कळत नव्हतं. ते ऐकत होते. मग एवढंच म्हणाले, "मी तुला वाचवणार नाय. जे झालं ते लिहिणार. त्यात तू वाचला तर वाचला. बस मागं."

लुनावर दोन माणसं बसली की ती चढाला रडायची. छावणीच्या पुढच्या चढावर मी उतरून पळत होतो आणि साहेब लुनावरून विचारत होते, "टेम्पो कुठं लावला होता, नेमकं? खूण सांग." पडेगावला रस्त्याच्या कडेला ते गुडघ्यांवर बसले आणि हातानं माती चाळायला लागले. मागून ट्रक हॉर्न देत जात होते, मी त्यांच्या मागं हात वर करून उभा राहिलो. माझ्या हेडलाइटची काच एका जागी ढीग होऊन पडलेली मिळाली. "चालत्या गाडीची काच वीस पावलं पसरत जाते. उभ्या गाडीची पायाशी पडते," म्हणत त्यांनी ती वर्तमानपत्रात बांधली. "आता तुझी मेंढरं."

रान रिकामं होतं. फक्त लेंड्या आणि खुरांची माती.

"गेले," मी म्हणालो आणि तिथंच बसलो. वाटलं, संपलं. ती माणसं कुठल्या गावची, नाव काय, मी काही विचारलं नव्हतं. आमच्यात असं विचारत नाहीत, कूळ विचारतात.

साहेब माझ्याशेजारी उकिडवे बसले. "तू मेंढरातला ना? मग सांग, कुठं गेले असतील. मी पत्र्यातला माणूस हाय."

तेव्हा माझं डोकं चालायला लागलं. कळप रानात उगाच बसत नाही. शेतकरी बोलावतो, रात्रीची मेंढरं शेतात बसली की लेंडीखत होतं, त्याबद्दल धान्य देतो. म्हणजे ह्या रानाच्या मालकानं त्यांना बसवलं होतं, आणि पुढचं रान कुणाचं ठरलंय ते त्याला ठाऊक असणार. मालक विहिरीवर सापडला. "इथून उठले ते मोसंबीच्या बागंकडं गेले, दौलताबादच्या अंगाला," तो म्हणाला. "कामून, काय चोरलं का त्यांनी?"

"नाय," साहेब म्हणाले. "त्यांच्याकडं एक माणूस येऊन गेला म्हणतो, तो खरा का बघायचंय."

दुपार झाली होती. बागेच्या कडेला कळप दिसला. पण आता म्हातारा 'मला काही आठवत नाही' म्हणाला असता तर? परक्या मुलखात पोलिसांचं नाव काढलं की आमचे लोक काहीच न आठवणारे होतात. मीही झालो असतो.

साहेबांनी त्याच्यापुढं पोलिसांचं नाव काढलंच नाही. माझ्याकडं बोट करून विचारलं, "ह्याला ओळखता का?"

"वळखतो की. परवा सकाळी आला हुता. भाकर खाल्ली, रडला, गेला."

रडलो होतो ते मी साहेबांना सांगितलं नव्हतं.

"हा इथं असताना वर रस्त्यावर काय झालं?"

"धाडकन् वाजलं. आमची कुत्री भुकली. एक हिरवा ट्रक सुसाट गेला पुढं. ह्यो हितंच हुता, तोंडात घास घिऊन."

साहेबांनी वही काढून लिहिलं आणि पुटपुटले, "म्हंजे कुत्री होती तर." मग म्हाताऱ्याला सगळं खरं सांगितलं. पोलीस, दूधवाला, सही. म्हाताऱ्यानं कळपाकडं पाहिलं, बायकोला काहीतरी सांगितलं, घोंगडं खांद्यावर टाकलं आणि लुनाकडं बघून विचारलं, "ह्याच्यावर बसायचं व्हय?"

ते दोघं लुनावर पुढं गेले. मी वाटेत मिळालेल्या ट्रॅक्टरवर.

पोलीस चौकीत हवालदारानं आधी साहेबांनाच झापलं. "तुमी इम्याचे. पत्रे मोजा. पोलीस कामून होताय?"

"पत्राच मोजायला आलोय," साहेब म्हणाले. "दूधवाल्याची सायकल दाखवा."

सायकल मागच्या अंगणात पडली होती. मागचं चाक आठाच्या आकड्यासारखं वळलेलं, आणि उजवीकडं लटकणारा दुधाचा कॅन चेपलेला. साहेब त्याच्यापुढं मांडी घालून बसले. मी घोंगड्याच्या शेजारी उभा होतो. म्हाताऱ्यानं माझा दंड धरला होता आणि मला तो सुटू नये असं वाटत होतं. मग साहेबांनी खिशातली बाटली काढली आणि कॅनच्या चेपलेल्या कडेशी धरली. कॅनवर हिरवा रंग होता. बाटलीत हिरवा रंग होता.

"पिवळा कुठाय ह्याच्यावर?" साहेबांनी हवालदाराला विचारलं. "ह्याचा टेम्पो पिवळा. ह्यानं उडवलं असतं तर कॅन पिवळा झाला असता. एकच ट्रक हाय. उभ्या टेम्पोला घासला, डावीकडं गेला, पुढं सायकल गावली. ज्यानं पिवळा टेम्पो पाहिला त्यानं खरंच पाहिला, पण उभा पाहिला. हा आरोपी नाय, हवालदारसाहेब. ह्याची पण फिर्याद घ्या."

हवालदारानं बाटली हातात घेऊन उजेडात धरली. "एवढा खटाटोप कशाला करता हो तुमी? कंपनी पगार वाढवते का?"

"हा धरला गेला तर हिरवा कोन शोधंल?" साहेब म्हणाले.

माझा जबाब त्यांनी मलाच लिहायला लावला. हवालदार लिहून घ्यायला तयार होता, तर म्हणाले, "नाय, ह्याच्या हातानं. मागचं लेखी लई सुंदर अक्षरात होतं, त्यानंच घोटाळा झाला." सातवीनंतर मी एवढं कधी लिहिलं नव्हतं. दीड पान झालं. टेम्पो सोडून गेलो होतो तेही लिहिलं. त्याच कागदाची नक्कल त्यांनी क्लेमला जोडली, आधीचा खोटाही काढला नाही. रिपोर्टात दोन्ही ठेवले आणि पहिला खोटा का होता तेही लिहिलं. कंपनीनं खुलासा मागितला, दीड-दोन महिने घोळ घातला आणि मग जुन्या सुट्या भागांचे काही पैसे कापून क्लेम मंजूर केला. उभ्या गाडीला ठोकून कुणी पळालं तरी फुल विम्यात ते बसतंच. पहिल्या दिवशी खरं लिहिलं असतं तरी बसलं असतं.

भाऊंना मात्र मला स्वतः सांगावं लागलं. साहेब बरोबर आले नाहीत. "मालक तुझा, तोंड तुझं." भाऊंनी सगळं ऐकलं आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलले. "मेंढरं बघायला गेला होता तू?" आणि मग, "किती दिवस झाले घरी जाऊन?" मी महिने सांगितले. क्लेम घेतल्यानं हप्त्यातली सवलत, नो क्लेम बोनस, बुडाला म्हणून ते पुढं वर्षभर बडबडले, पण खोली राहिली.

जबाब दिल्याच्या आठवड्यातच साहेबांचे आभार मानायला मी पेढे घेऊन त्यांच्या घरी गेलो होतो. त्यांनी पेढे घेतले नाहीत. दारातच म्हणाले, "उपकार नाय केले, रिपोर्ट केला. तुला काय करायचंच असंल तर हे ने." हातात एक छापील अर्ज दिला. गाडी सापडत नाही आणि माणूस जबर जखमी होतो किंवा मरतो, तेव्हा विमा मागायचा कुणाकडं? त्यासाठी सरकारी भरपाई असते, तहसीलमध्ये अर्ज करायचा. लोकांना हे माहीतच नसतं. "ट्रक काय सापडणार नाय आता. दूधवाल्याच्या बायकोला दे. भरायला मदत कर."

"मी?" मी अर्ज परत पुढं केला. "साहेब, सगळ्या पडेगावात माझंच नाव झालंय. ती मला बघून काय म्हणंल?"

"ते मला काय ठाऊक," म्हणत त्यांनी दार लावलं.

सरकारी दवाखान्यात वॉर्डाच्या व्हरांड्यात दूधवाल्याची बायको बाकावर बसली होती. डोक्यावर पदर, मांडीवर डबा, शेजारी दोन म्हाताऱ्या बायका. नवरा आत होता; शुद्धीवर आला होता, पण पाय वाचेल का ते डॉक्टर सांगत नव्हते. मी दोनदा जिन्यापर्यंत जाऊन परत आलो. तिसऱ्यांदा तिच्यापुढं उभा राहिलो आणि कागद पुढं केला.

"पिवळ्या टेम्पोवाले का?" तीच म्हणाली.

शेजारच्या बाया सरसावून बसल्या. "हाच का त्यो?" एक म्हणाली. "आन् वर तोंड घिऊन आला?"

"मी तिथंच होतो," मी म्हणालो. "पण टेम्पोत नव्हतो. खाली रानात होतो. आवाज ऐकला होता. उठलो नाय."

हे शेवटचं मी चौकीतही लिहिलं नव्हतं. पण तेच खरं होतं, आणि ते मला आतून खात होतं. उठलो असतो तर निदान ट्रकचा नंबर दिसला असता, निदान तिच्या माणसाजवळ लवकर कुणी पोचलं असतं.

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "गळ्यात टेप घातलेले एक साहेब काल येऊन गेले. म्हणले, 'उद्या-परवा एक ड्रायव्हर येईल. मी काय सांगत नाय त्याच्याबद्दल. तू त्याच्या तोंडाकडं बघ आन् तूच ठरव.'"

तिनं डबा उचलून खाली ठेवला आणि बाकावर जागा केली.

"बसा," ती म्हणाली. "मला लिव्हता येत नाय. काय काय सांगायचं ते विचारा, मी सांगते."

मी बसलो. पेनाचं टोपण दातानं काढलं आणि पहिल्या रकान्यात तिच्या नवऱ्याचं नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं. तिनं ते वाचल्यासारखं बराच वेळ पाहिलं आणि पुढचं सांगायला लागली.